प्लॅन काढणारा आणि पास करणारा एकच : वूच शहराची गोष्ट

हिलारी मायेव्स्की हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसणार, पण पोलंडमधलं वूच शहर (आपल्या नकाशात बहुतेक लोड्झ लिहिलेलं असतं) ज्याने बघितलंय त्याने या माणसाचं काम बघितलेलंच आहे, कारण 1872 ते 1892 अशी वीस वर्षं तो त्या शहराचा सिटी आर्किटेक्ट होता आणि पाचशेच्या वर इमारती त्याच्या नावावर सांगितल्या जातात. मरेपर्यंत तो त्या पदावर होता. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे आणि तरीही मला असं ठामपणे म्हणायचंय की त्याचं पद ज्या पद्धतीने बांधलेलं होतं ती पद्धत शहरासाठी घातक होती, आणि तो माणूस चांगला होता म्हणूनच ते जास्त स्पष्ट दिसतं.

आधी शहराबद्दल थोडं. 1820 मध्ये वूच म्हणजे आठशेपेक्षाही कमी वस्तीचं गाव. त्याच वर्षी तिथल्या सरकारने त्याला कापडउद्योगाचं गाव म्हणून जाहीर केलं, सॅक्सनी, सिलेशिया, बोहेमिया इथून विणकर बोलावले, त्यांना घरासाठी, मागासाठी, मागे बागेसाठी अशा अरुंद आणि खूप खोल जागा आखून दिल्या. पुढे 1851 पासून रशियाशी असलेली जकातीची सीमा गेली आणि सगळं रशियन मार्केट मोकळं झालं, 1864 ला शेतकरी वेठबिगारीतून सुटले आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती ते कामासाठी शहरात यायला लागले, 1865 ला रेल्वे आली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, कापूस मिळेना झाला, आणि कारोल शाइब्लर नावाच्या कारखानदाराने आधीच साठा करून ठेवल्यामुळे तो एकदम सगळ्यांच्या पुढे निघून गेला. याच युद्धाने आपल्या मुंबईतही कापसाचा पैसा पाण्यासारखा आला होता आणि 1865 ला शेअर बाजार कोसळला होता, म्हणजे एका लांबच्या लढाईने दोन गिरणीगावांचं नशीब एकाच वेळी फिरवलं. 1897 च्या जनगणनेत वूचची लोकसंख्या 3 लाख 14 हजार भरली. आठशेवरून तीन लाख, तेही पाऊणशे वर्षांत. युरोपात अशी वाढ झालेली शहरं फारच थोडी.

या सगळ्या धांदलीच्या मधोमध मायेव्स्की. जन्म राडोमचा, शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या आर्ट अकादमीत, इटलीतल्या रेनेसाँ इमारतींचं वेड त्याच्या कामात उघड दिसतं. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हताच, वूच झारच्या राज्यात होतं, शहराचा प्रेसिडेंट वरून नेमला जायचा, आणि मोठ्या फाइली प्योत्रकुफ नावाच्या प्रांताच्या मुख्य गावी गव्हर्नरच्या ऑफिसात जायच्या, जे गाव वूचपेक्षा कितीतरी लहान होतं. शहरात कुणालाही घर बांधायचं, शेड वाढवायची, मागच्या अंगणात आणखी एक मजला चढवायचा तर प्लॅन सिटी आर्किटेक्टच्या टेबलावर. आणि तोच सिटी आर्किटेक्ट त्याच लोकांची खासगी कामंही घ्यायचा. त्या काळात यात बेकायदा काही नव्हतं, साम्राज्यातले कितीतरी सरकारी आर्किटेक्ट असंच करत. म्हणूनच पाचशेच्या आकड्याबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहे, यातल्या किती त्याने स्वतः डिझाइन केल्या आणि किती प्लॅनवर फक्त अधिकारी म्हणून सही केली ते वेगळं काढणं अवघड जातं. माझ्या मते हा नुसता अभ्यासकांचा प्रॉब्लेम नाही. शंभर वर्षांनंतरही कागद बघून कळत नाही की इथे हा माणूस शहरातर्फे बोलतोय की मालकातर्फे, यातच सगळं आलं.

त्याची कामं बघा म्हणजे तो काय ताकदीचा होता ते कळेल. शाइब्लरच्या मुलीसाठी आणि जावयासाठी बांधलेली हेर्ब्स्ट व्हिला, 1875 ते 77, आज म्युझियम आहे, इतकी नेटकी आणि प्रमाणशीर की त्या श्रीमंतांच्या शहरात इतका संयम कुठून आला असं वाटतं. इझ्राएल पोझ्नान्स्कीची ओग्रोदोवा रस्त्यावरची प्रचंड लाल विटांची सूतगिरणी आणि तिचं गेट, ज्या आवारात 2006 पासून मानुफाक्तुरा नावाचं शॉपिंग सेंटर आहे आणि सूतगिरणीत हॉटेल. शेजारचा पोझ्नान्स्कीचा पॅलेस, जो पुढे दुसऱ्यांनी वाढवला. लुडविक मायरचा जुना कारखाना होता प्योत्रकोव्स्का या मुख्य रस्त्यावर, त्याचं त्याने 1888 मध्ये ग्रँड हॉटेल करून दिलं, म्हणजे जुन्या कारखान्याचा नवा वापर ही कल्पना वूचला तेव्हाच माहीत होती.

आणि देवळं. अलेक्झांडर नेव्हस्की ऑर्थोडॉक्स चर्च, 1880 ते 84, झार दुसरा अलेक्झांडर 1879 च्या हल्ल्यातून वाचला म्हणून बांधलेलं, पैसे दिले ज्यू, जर्मन प्रोटेस्टंट आणि कॅथलिक कारखानदारांनी, डिझाइन एका पोलिश माणसाचं. त्याच दशकात ज्यूंचं मोठं सिनेगॉग उभं राहिलं, मूळ डिझाइन श्टुटगार्टच्या अडॉल्फ वोल्फचं पण वूचमधलं काम बघितलं मायेव्स्कीने. ते सिनेगॉग नाझींनी नोव्हेंबर 1939 मध्ये जाळलं, आज तिथे त्याचा एक दगड शिल्लक नाही, आणि ज्या समाजाने ते बांधलं त्यातले बहुतेक लोकही मारले गेले. चार भाषा, चार धर्म, आणि सगळ्यांचा आर्किटेक्ट एकच, हे मला खरंच मोठं वाटतं. 2015 मध्ये पोलंडने वूचच्या या बहुसांस्कृतिक औद्योगिक वारशाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आता प्योत्रकोव्स्कावरच्या एखाद्या सुंदर दर्शनी भागाच्या कमानीतून आत जा. विणकरांसाठी 1820 च्या दशकात आखलेल्या त्या अरुंद खोल जागा, त्यावर आधी रस्त्याला लागून घर झालं, मग बाजूने एक पट्टी, मग दुसऱ्या बाजूने, मग मागे आडवी एक, जिथे भाजीचा वाफा होता तिथे तीन-चार मजली भाड्याच्या खोल्या, आणि मधे विहिरीसारखं उरलेलं अंगण जिथे ऊन जेमतेम पोचतं. पुढच्या घराला कोरीव खिडक्या आणि मागे नुसता सपाट प्लास्टर. पुढे मालक किंवा डॉक्टर, वकील, मागे जितकं आत जाल तितकं भाडं कमी आणि माणसं जास्त. पाण्याची विहीर आणि संडासाचा खड्डा एकाच अंगणात. सांडपाणी उघड्या गटारातून रस्त्याच्या कडेने, आणि गिरण्यांच्या रंगाचं पाणी थेट वुदका आणि यासियेन या दोन छोट्या नद्यांत, ज्या पुढे जमिनीखाली गाडून टाकाव्या लागल्या.

या मागच्या पट्ट्यांचे प्लॅनसुद्धा कुणीतरी पास केलेच होते ना. शहराच्या टेबलावर दर्शनी भागाचं ड्रॉइंग येतं, प्रमाण, कॉर्निस, खिडक्यांची रांग यावर चर्चा होऊ शकते, पण मागच्या अंगणात किती माणसं एका विहिरीवर जगणार हा प्रश्न विचारायला तिथे कुणी बसलेलंच नव्हतं, कारण जो बसला होता त्याचा पुढच्या वर्षीचा क्लायंट समोरच प्लॅन घेऊन उभा होता.

तारखा बघितल्या की हे आणखी ठळक होतं. गॅसचे दिवे 1860 च्या दशकात आले. टेलिफोन 1883. इलेक्ट्रिक ट्राम 1898, रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये सगळ्यात आधी, वॉर्सॉच्याही आधी, आणि ती कारखानदारांच्याच कंपनीने आणली. आणि ड्रेनेज? ड्रेनेजचं काम सुरू झालं 1925 मध्ये. ज्याचं बिल लावता येतं ते सगळं वेळेवर आलं, जे सगळ्यांचं असतं आणि ज्याचं तिकीट फाडता येत नाही ते मायेव्स्कीच्या नेमणुकीनंतर त्रेपन्न वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धापर्यंतही ते शहराच्या फक्त एका भागातच पोचलं होतं. आज फ्रीडम स्क्वेअरच्या खाली 1926 चा विटांचा गोल बोगदा आहे, गटारं धुवायला पाणी साठवायचा, तोही म्युझियम म्हणून उघडा आहे आणि मला विचाराल तर वूचला गेल्यावर पॅलेसच्या आधी तो बघायला हवा.

यावर लगेच उत्तर येतं की मायेव्स्की काय करणार बिचारा, शहराला स्वतःची निवडून आलेली कौन्सिलच नव्हती, झारच्या नोकरशाहीत एक आर्किटेक्ट म्हणजे किती. हे उत्तर अर्धं खरं आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. ज्या 1872 मध्ये त्याची नेमणूक झाली त्याच वर्षी मुंबईत नवा म्युनिसिपल कायदा झाला आणि 64 जणांच्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले, मतदान मूठभरांनाच होतं, गिरणी कामगाराला तर नव्हतंच, राज्यही परक्यांचं, पण निदान पाणी-ड्रेनेजवर भांडायला एक सभागृह होतं आणि 1892 ला तानसाचं पाणी मुंबईत आलं. (म्हणून मुंबईच्या चाळी स्वर्ग होत्या असं मी म्हणत नाहीये, 1896 च्या प्लेगने काय ते दाखवलंच.) वूचला पहिली निवडून आलेली कौन्सिल मिळाली 1917 मध्ये, तीही जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना.

पण उरलेलं अर्धं? त्यासाठी वॉर्सॉकडे बघायला लागतं. तोच झार, तीच नोकरशाही, तिथेही कौन्सिल नव्हती. तिथला प्रेसिडेंट सोक्रातेस स्तारिन्केविच हा रशियन जनरल, वरूनच नेमलेला. पण 1876 मध्ये त्याने विल्यम लिंडले नावाच्या इंग्लिश इंजिनिअरला बोलावलं, पाणी आणि ड्रेनेजचा पूर्ण प्लॅन करून घेतला, घरमालकांनी खर्चावरून बोंब मारली तरी मागे हटला नाही, 1881 ला काम सुरू केलं आणि 1886 ला फिल्टर केलेलं पाणी चालू झालं. रशियन सत्तेचा अधिकारी असूनही वॉर्सॉचे लोक त्याला मानतात, आजही तिथे त्याच्या नावाचा चौक आहे. याच लिंडलेच्या मुलाने वूचचाही प्लॅन केला, पण शहराने त्याला विचारलं 1901 मध्ये, प्लॅन तयार झाला 1909 ला, आणि खोदायला सुरुवात होईपर्यंत तो वारलेला होता.

फरक कशात होता? वॉर्सॉ राजधानी, तिथे पैसा आणि वजन जास्त, हे आहेच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की वॉर्सॉमध्ये ज्याला टेक्निकल काम दिलं त्याचा क्लायंट फक्त शहर होतं. कुठल्याही घरमालकाच्या व्हिलाचं काम त्याच्याकडे अडकलेलं नव्हतं. वूचमध्ये शहराला सगळ्यात चांगलं ओळखणारा टेक्निकल माणूस, ज्याच्या टेबलावरून प्रत्येक भिंत जात होती, ज्याला कुठे किती माणसं कोंबली जातायत हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत असणार, तो माणूस ज्यांच्यावर ड्रेनेजचा खर्च पडणार होता त्यांच्याच कामांवर नाव कमवत होता. मायेव्स्कीने लाच घेतली असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणायला काही आधार माझ्यासमोर नाही आणि तशी गरजही नाही. भ्रष्ट माणसाला पकडता येतं, बदलता येतं. प्रामाणिक, हुशार, राबणारा माणूस चुकीच्या जागी बसवला की काहीच पकडता येत नाही, सगळं कायद्यात बसतं, इमारती सुंदर होतात, आणि कुणालाही अपराधी न वाटता तीन लाख लोक उघड्या गटाराच्या काठावर राहतात.

आता सगळ्यात कठीण मुद्दा, जो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. मायेव्स्कीच्या नावावर सांगितलं जाणारं सर्वोत्तम काम माझ्या मते पॅलेस नाहीच, ते आहे क्शेंझी म्विन, शाइब्लरची कामगार वसाहत. दोनशे मीटरच्या वर लांबीची सूतगिरणी, तिच्यासमोर 1870 च्या दशकात उभी राहिलेली दुमजली विटांची घरं, तीन रांगांत, मधे झाडं, मागे लाकडाकोळशाच्या खोपी, बाजूला शाळा, दुकान, अग्निशमन दल, आणि 1884 पर्यंत हॉस्पिटलसुद्धा. एक किंवा दोन खोल्यांची घरं, श्रीमंती नाही, पण उजेड आहे, हवा आहे, सरळ रस्ता आहे. शहराच्या भाड्याच्या अंगणांत जे नाही ते सगळं इथे आहे. म्हणजे विरोधक म्हणू शकतो, बघा, खासगी मालकासाठी काम केलं तेव्हाच तर कामगाराला चांगलं घर मिळालं, शहराच्या खुर्चीतून काय मिळालं?

मी या मुद्द्यावर खूप विचार केलाय. मला वाटतं यातून उलटंच सिद्ध होतं. त्या पिढीला सामान्य माणसासाठी नीट वस्ती कशी बांधायची हे माहीत होतं, टेक्निक होतं, विटा होत्या, शहराचा आर्किटेक्ट ते स्वतःच्या हाताने करत होता. म्हणजे तेव्हा कुणाला कळतच नव्हतं ही सबब उरत नाही. माहीत असलेली गोष्ट फक्त एका मालकाच्या कुंपणाआत झाली, आणि ते कुंपण साधं नव्हतं, नोकरी गेली की घर गेलं, शाळा मालकाची, दुकान मालकाचं, हॉस्पिटल मालकाचं. संप करायचा तर बायकापोरांसकट रस्त्यावर यायची तयारी ठेवून करायचा. आपल्या गिरणगावातल्या घरांत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको. क्शेंझी म्विनमध्ये जे होतं ते शहराने नियम म्हणून सगळ्यांना लागू केलं असतं, निदान अंगणाचं किमान माप, विहीर आणि खड्डा यातलं अंतर, एवढं जरी, तरी तो हक्क झाला असता. तिथे ते मालकाची मर्जी म्हणून राहिलं.

मे 1892 मध्ये वूचमध्ये प्रचंड संप झाला, हजारो कामगार गिरण्या सोडून बाहेर पडले, मागण्या पगाराच्या आणि कामाच्या तासांच्या, झारच्या सैन्याने गोळ्या घातल्या, माणसं मेली, त्याच गोंधळात ज्यू वस्तीवर हल्लेही झाले. जूनमध्ये मायेव्स्की वारला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडायची मला घाई नाही, संपाच्या मागण्यांत ड्रेनेज नव्हतं. पण त्याने वीस वर्षं ज्या शहरावर सह्या केल्या ते शहर त्याच्या शेवटच्या महिन्यांत असं फुटलं, आणि त्याच्यावरच्या लिखाणात हे क्वचितच एकत्र वाचायला मिळतं. तिथे पॅलेसची यादी असते, स्टाइलची चर्चा असते, निओ-रेनेसाँ आणि निओ-बरोक. ते सगळं खरं आहे आणि वाचायला मलाही आवडतं, पण सिटी आर्किटेक्टचं मूल्यमापन फक्त त्याने काढलेल्या इमारतींवर करणं म्हणजे त्याच्या पदातला पहिला शब्द खोडून टाकणं आहे.

आजच्यासाठी याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे. शहराचे प्लॅन तपासणारा, डेव्हलपमेंट प्लॅन आखणारा, त्यावर सल्ला देणारा, मग तो पगारी असो नाहीतर कन्सल्टंट, त्याने त्याच शहरात बिल्डर आणि जागामालकांची कामं घेऊ नयेत, पदावर असताना नाही आणि पद सोडल्यावर काही वर्षंही नाही, आणि हे नियमात लिहिलेलं हवं, माणसाच्या सचोटीवर सोडलेलं नको. लोक म्हणतात मग चांगली माणसं येणार नाहीत. मायेव्स्कीसारखी येणार नाहीत असंच त्यांना म्हणायचं असतं. तर मग त्यांना नीट पगार द्या, स्टाफ द्या, वॉर्सॉने लिंडलेला परदेशातून आणून पैसे मोजले आणि ते वसूल झाले. वीस वर्षांत दुपटीहून जास्त वाढलेलं शहर एका माणसाच्या टेबलावर टाकायचं, त्याला बाहेरून कमवायची मोकळीक द्यायची आणि वर अपेक्षा करायची की तो मालकांना नाही म्हणेल, हे तेव्हाही चूक होतं.

क्शेंझी म्विनच्या घरांची गेल्या काही वर्षांत वूचच्या पालिकेने दुरुस्ती केली, आत संडास-बाथरूम आले, काही जागा कलाकारांच्या स्टुडिओंना दिल्या, जवळच्या सूतगिरणीत महागडे लॉफ्ट झाले. ज्यांच्या आज्या त्या गिरणीत राबल्या ते भाडेकरू परत त्याच घरांत आणि परवडणाऱ्या भाड्यात राहू शकतील का, हा प्रश्न तिथे आता खरा आहे, आणि यावेळी घरं पालिकेच्या मालकीची आहेत, कौन्सिल निवडून आलेली आहे, म्हणजे झारचं नाव पुढे करायची सोय कुणालाच नाही.